टेनपिन बोलिंग: बॉल कधी वळतच नाही, कधी भलताच वळतो. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने?

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सरावाच्या दहा मिनिटांत बॉल सुरेख येत होता. पहिला गेम सुरू झाला आणि दुसऱ्याच फ्रेमला (पाळीला) बॉल उजवीकडे राहिला तो राहिलाच. १, २ आणि १० नंबरच्या पिना उभ्या, म्हणजे वॉशआउट. पुढच्या फ्रेमला तोच बॉल, तोच ॲरो (नेम धरायला लेनवर काढलेला बाण), हातही तसाच सुटला, आणि शेवटच्या वीस फुटांत बॉलने असा झटका घेतला की थेट हेडपिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या १ नंबरच्या पिनेच्या, नाकावर. ४-६-७-१० चा बिग फोर समोर उभा. त्याच्या पुढच्या फ्रेमला बरोबर पॉकेटमध्ये, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मधल्या फटीत, स्ट्राइक. आता खेळणाऱ्याने यातल्या कोणत्या बॉलवर विश्वास ठेवायचा?

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. इथे सप्टेंबरमध्ये लेबर डे झाला की लीग सुरू होतात आणि बर्फ वितळेपर्यंत चालतात. ऑटो कंपन्यांमधली आपली बरीच मराठी मंडळी ऑफिसच्या लीगमधून या खेळात येतात, वर्षभरात स्वतःचा पहिला रिॲक्टिव्ह (वळण घेणाऱ्या कवचाचा) बॉल घेतात, आणि पुढच्या काही महिन्यांत हाच प्रश्न घेऊन येतात. बहुतेकांना तोवर कुणीतरी सांगितलेलं असतं की तुझा बॉल कमजोर आहे, याहून जोरदार वळणारा घे. हा सल्ला मला पटत नाही. अशा अवस्थेत जास्त वळणारा, जास्त चकचकीत बॉल घेतला तर त्रास वाढतो. बॉल बदलण्याआधी त्याचा पृष्ठभाग बदलून बघा. शंभर-दोनशे डॉलरचं काम पुष्कळदा दहा डॉलरच्या सँडिंग पॅडवर भागतं.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं.

तेल कुठे आहे, कुठे नाही

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत ६० फूट. लेनची रुंदी साधारण साडेएकेचाळीस इंच आणि त्यात ३९ बोर्ड (उभ्या पट्ट्या), म्हणजे एक बोर्ड इंचापेक्षा किंचित मोठा. उजव्या गटरपासून मोजलं तर ॲरो दर पाचव्या बोर्डावर येतात: ५, १०, १५, मधला २०. पॉकेट सतरा-अठराव्या बोर्डावर.

रोजच्या लीगला बहुतेक सेंटरमध्ये लेनवर जे तेल टाकलेलं असतं त्याला हाउस शॉट म्हणतात. लांबी साधारण ४० फूट, पुढचे वीस फूट कोरडे. रुंदीतही ते सारखं नसतं. मध्ये भरपूर, आणि दहाव्या बोर्डाच्या बाहेर गटरकडे अगदी पातळ. मधल्या आणि कडेच्या तेलात दहापट फरक असणं हाउस शॉटला नवीन नाही. हा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो, डोळ्यांना दिसत नाही. बॉलला मात्र तो दिसतो.

हा उतार मुद्दाम ठेवलेला असतो, नवख्याला मदत म्हणून. बॉल चुकून उजवीकडे गेला तर कोरड्यात पकड मिळते आणि तो परत येतो. चुकून डावीकडे राहिला तर तेलात घसरतो, जास्त वळत नाही, आणि पॉकेटच्या आसपासच पोचतो. म्हणजे दोन्ही चुका सांभाळून घेतल्या जातात. पण हे सांभाळून घेणं बॉलच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे. पॉलिश केलेला बॉल तेलात जवळजवळ काहीच पकडत नाही. हाताने दिलेली सगळी फिरकी तशीच साठवून तो पुढे घसरत जातो, आणि कोरड्याला टेकला की सगळी एकदम खर्च करतो. तेलात दोन बोर्ड आत राहिला तर वळणच नाही. दोन बोर्ड बाहेर गेला तर नाकावर. पावसाळ्यात घाटात झिजलेल्या टायरची जी गत होते तीच इथे: ओल्यावर नुसतं घसरणं, कोरडं लागलं की एकदम पकड.

पृष्ठभाग थोडा खरखरीत असेल तर त्यावरचे बारीक ओरखडे तेलाच्या थरातून खाली पोचतात. तेलातही थोडी पकड मिळते, फिरकी थोडी थोडी खर्च होत जाते, आणि कोरड्याला पोचेपर्यंत झटका द्यायला तेवढी ताकद उरलेली नसते. ओल्या आणि कोरड्या जागेतल्या वागण्यातला फरक कमी होतो. तुम्हाला जे शांत, भरवशाचं वळण हवं आहे ते इथून येतं. अमेरिकेतल्या युएसबीसीने, म्हणजे युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने, बॉलच्या चालीवर मोठा अभ्यास केला होता. बॉल कसा जातो हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये पृष्ठभागाचा खरखरीतपणा अगदी वर निघाला, आतल्या कोअरच्या (वजनदार गाभ्याच्या) आकड्यांच्याही वर. तरी दुकानात चर्चा चालते ती कोअरच्याच आकाराची.

आधी चाचणी

दोष बॉलचा की हाताचा, हे ठरवल्याशिवाय कशालाच हात लावू नका. त्यासाठी ताजं तेल टाकलेली लेन आणि मागे उभा राहून बघणारा एक माणूस हवा. माणूस नसेल तर फोन मागच्या टेबलवर उभा करून ठेवा.

पहिल्यांदा एकाच जागी उभं राहून, दहाव्या बोर्डावरच्या दुसऱ्या ॲरोवर नजर ठेवून तीन बॉल टाका. बघणाऱ्याने दोन गोष्टी सांगायच्या: बॉल ॲरोजवळ कोणत्या बोर्डावरून गेला, आणि पिनांपाशी कुठे लागला. मग पाय आणि नजर दोन्ही दोन बोर्ड उजवीकडे सरकवून दोन बॉल. मग मूळ जागेपासून दोन्ही दोन बोर्ड डावीकडे सरकवून दोन बॉल. पाय आणि नजर दोन्ही सारखेच सरकवायचे, म्हणजे कोन बदलत नाही.

पहिले तीन बॉल ॲरोवरच तीन वेगवेगळ्या बोर्डांवरून गेले, किंवा एकाच बोर्डावरून गेले पण वेग दिसेल इतका बदलला, तर प्रश्न हाताचा आहे. पृष्ठभागाचा भाग सध्या सोडा, थेट खाली हाताच्या भागाकडे जा.

पहिले तीन एकसारखे आले, पण उजवीकडचे दोन हेडपिनच्या नाकावर किंवा पार पलीकडे, आणि डावीकडचे दोन पॉकेटपर्यंत पोचलेच नाहीत, तर हे खरं ओल्या-कोरड्याचं दुखणं आहे. ही पोस्ट मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

तिसरी शक्यता अशी की सगळे बॉल कसेही टाका, पिनांपाशी पोचेपर्यंत मेलेले असतात. आदळल्यावर आवाजही बसका येतो. उरलेल्या दहा नंबरच्या पिनेकडे नीट बघा. सहा नंबरची पिन उडून तिच्या मानेभोवतून गेली आणि तरी दहा उभी राहिली तर बॉलमध्ये दम होता, जागा जराशी चुकली. सहा नंबरची पिन शेजारी गटरमध्ये नुसती आडवी पडली असेल तर बॉलची ताकद आधीच संपली होती. म्हणजे एक तर बॉल तेल पिऊन बसला आहे, किंवा पृष्ठभाग या लेनसाठी गरजेपेक्षा जास्त खरखरीत आहे आणि तो फार लवकर वळून मोकळा होतोय.

टॉवेल आणि गरम पाणी

बॉल परत आला की त्यावर तेलाच्या कड्या दिसतात. प्रकाशाकडे तिरका धरला की एकापुढे एक, थोड्या थोड्या सरकलेल्या, दोन ठिकाणी एकमेकींना छेदणाऱ्या. प्रत्येक फेऱ्यात बॉलचा वेगळा भाग लेनला टेकतो म्हणून त्या सरकत जातात. हे तेल पुसलं नाही तर पुढच्या वेळी तोच भाग तेलासकट लेनवर टेकतो, आणि पहिल्या वीस फुटांत काय होईल ते सांगता येत नाही. दर शॉटआधी कोरड्या टॉवेलने पुसा. मायक्रोफायबर किंवा शॅमी चांगला. आमच्या लीगमध्ये एवढ्या एका सवयीने निम्मी तक्रार गेलेली मी पाहिली आहे.

युएसबीसीने मान्यताप्राप्त स्पर्धेत १ ऑगस्ट २०१९ पासून खेळ चालू असताना ओलं क्लिनर लावायला बंदी केली. ओलं क्लिनर लावायचं असेल तर खेळ संपल्यावर. तेव्हाच लावायचं, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी नाही. बॉल अजून कोमट असतो, तेल वरच असतं, ते सहज निघतं.

रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि खेळ बदलला. त्यांच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. पकड त्यांच्यामुळे येते आणि तेलही तीच शोषतात. पन्नास-साठ गेमनंतर वळण मंदावलं, क्लिनर लावूनही फरक पडत नाही असं दिसलं, की तेल काढायची वेळ झाली. बादलीत गरम पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड, बॉल वीस मिनिटं बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा. पाणी गार झालं की पुन्हा. बोटांच्या भोकांवर आधी टेप लावून घ्या. पाण्याचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नका. ओव्हन किंवा डिशवॉशरमध्ये बॉल ठेवायचा विचारही करू नका. कवच आणि कोअर वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात आणि बॉलला तडा जातो. याच कारणाने मिशिगनच्या थंडीत रात्रभर गाडीच्या डिकीत बॉल ठेवणंही टाळा.

पृष्ठभाग: खरं काम इथे आहे

सँडिंगचे गोल फोम पॅड मिळतात, अब्रालॉन हे नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. ३६०, ५००, १०००, २०००, ३०००, ४००० असे आकडे असतात. आकडा लहान तितका पृष्ठभाग खरखरीत, बॉल तितका लवकर पकड घेणार. आकडा मोठा तितका गुळगुळीत. त्यावर पॉलिश केलं की आणखी उशिरा, आणि बहुतेकदा आणखी झटक्याने.

बॉल नवीन असताना कंपनीने दिलेला फिनिश खोक्यावर लिहिलेला असतो. तो कायम राहत नाही, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. लेनवर घासून घासून खरखरीत बॉल हळूहळू चकचकीत होतो. खोक्यातून निघताना २००० चा असलेला बॉल काही आठवड्यांनी तसा राहिलेला नसतो. म्हणून सप्टेंबरमध्ये शहाण्यासारखा वागणारा बॉल डिसेंबरमध्ये झटके द्यायला लागतो, आणि खेळणारा आपल्या हाताला दोष देत बसतो.

करायचं असं. पॅड पाण्यात भिजवा, बॉलही ओला ठेवा. बॉल एका वाटीवर किंवा गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवा. वरचा अर्धा भाग गोल गोल घासा, हाताचा दाब सगळीकडे सारखा, साधारण एक मिनिट. मग बॉल उलटा करून खालचा अर्धा. मग डावी बाजू, मग उजवी. चार बाजू झाल्या की पृष्ठभाग सगळीकडे सारखा होतो. दर बाजूनंतर पॅड धुऊन घ्या, नाहीतर निघालेला थर पॅडमध्ये बसतो आणि पॅड घासायचं बंद करतो. प्रो शॉपमध्ये (बोलिंगच्या सामानाच्या दुकानात) स्पिनर, म्हणजे बॉल फिरवणारं यंत्र असतं, त्यावर हेच काम दर बाजूला अर्ध्या मिनिटात आणि जास्त एकसारखं होतं. पण घरी, गॅरेजमध्ये, हाताने केलेलं कामही पुरेसं चांगलं होतं.

कोणता आकडा घ्यायचा? पॉलिश केलेला बॉल झटके देत असेल तर २००० पासून सुरुवात करा. फक्त २०००, आणि लगेच वरची चाचणी पुन्हा. उजवीकडचे दोन बॉल आता नाकाऐवजी पॉकेटच्या जवळ यायला लागले, डावीकडचे दोन पोचायला लागले, तर तिथेच थांबा. अजूनही झटका असेल तर १००० लावा आणि वरून हलका २००० फिरवा. उलट बॉल आता फार लवकर वळायला लागला, मघाशी सांगितलेली बसक्या आवाजाची दहा नंबरची पिन उरायला लागली, तर ३००० किंवा ४००० वर जा. एका वेळी एकच पायरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. कोणत्या तारखेला कोणता पॅड लावला ते मी बॅगेतल्या छोट्या वहीत लिहून ठेवतो, कारण ते डोक्यात राहत नाही.

आमच्या संघात एक काका आहेत. मुलाकडे आले आणि इथेच राहिले, बोलिंगची गोडी लागली. त्यांच्याकडे निळा-जांभळा मोत्यासारखा चमकणारा पर्ल बॉल होता आणि एका दुकानदाराने त्यांना त्याहून महागडा घ्यायला सांगितलं होतं. एका शनिवारी त्यांच्या गॅरेजमध्ये मी २००० चा पॅड काढला तसे ते म्हणाले, "अहो, एवढा सुंदर बॉल, त्याला घासायचं? खराब होईल तो." मी म्हटलं, "काका, पॉलिश परत लावता येतं. आज एकदा बघू." पॅडखालून जांभळट दुधाळ पाणी ओघळायला लागलं तेव्हा त्यांचा जीव थोडा वरखाली झाला. चारही बाजू झाल्यावर बॉल मंद, रेशमी दिसायला लागला, हात फिरवला की बोटांना किंचित अडकल्यासारखं. पुढच्या आठवड्यात लीगला त्यांचे दोन बोर्ड चुकलेले बॉलही पॉकेटमध्ये यायला लागले. नवीन बॉल त्यांनी घेतला नाही.

खराब होण्याच्या भीतीबद्दल एवढंच सांगतो की पॅडने जो थर निघतो तो इतका सूक्ष्म असतो की वर्षानुवर्षं घासून बॉलचा व्यास नियमाच्या खाली जात नाही. नियमाने व्यास साडेआठ इंच ते ८.५९५ इंच लागतो.

नियमाचीच आणखी एक गोष्ट. मान्यताप्राप्त लीगमध्ये सामना सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलता येत नाही. जे करायचं ते आधी. दर सहा ते दहा गेमनी हलका हात फिरवून पृष्ठभाग पुन्हा जागेवर आणा, आणि साठेक गेम झाले की प्रो शॉपमध्ये सगळा बॉल खालच्या आकड्यापासून वर नव्याने करून घ्या.

उभं कुठे राहायचं

पृष्ठभाग बरोबर असूनही काहींचा बॉल झटके देतो, कारण ते त्याला उजवीकडे फार लांब पाठवतात. टीव्हीवरच्या प्रो खेळाडूंची मोठी वळणं बघून तशी हौस येते. पण कोरड्याच्या जेवढं बाहेर पाठवाल तेवढं परत येताना वळण तीव्र होणार, आणि एक-दोन बोर्डांची चूक पिनांपाशी तेवढीच मोठी होणार.

एक साधा हिशोब वापरतात. तेलाची लांबी फुटांत घ्या, त्यातून ३१ वजा करा. तेल ४० फूट असेल तर ९. म्हणजे तेल संपतं तिथे बॉल नवव्या बोर्डाच्या आसपास असावा. हा अंदाज आहे, काटेकोर नाही, पण सुरुवात करायला पुष्कळ उपयोगी. तेलाची लांबी सेंटरच्या काउंटरवर विचारली तर बहुतेक ठिकाणी सांगतात. तुमचा बॉल तिथे तिसऱ्या-चौथ्या बोर्डावर पोचत असेल तर कोन कमी करा: नजर तिथेच ठेवून पाय उजवीकडे सरकवा, एका वेळी एकच बोर्ड. ॲरो साधारण १५ फुटांवर आहेत आणि पिना ६० वर, म्हणून पायाचा एक बोर्ड पिनांपाशी तीन बोर्डांचा फरक करतो. हे त्रैराशिक पाठ असलेलं बरं.

पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन चार ते सहा अंश असला की स्ट्राइकची शक्यता चांगली असते. सहाच्या मागे लागून झटका पत्करण्यापेक्षा चार अंशांनी दर वेळी त्याच जागी पोचलेला बॉल मला जास्त प्रिय आहे, आणि लीगच्या सरासरीलाही.

दुसऱ्या गेमपासून लेन बदलते. दहा जण त्याच पट्ट्यातून खेळत असतात, तिथलं तेल कमी होतं, आणि मघाशी पॉकेटमध्ये जाणारा बॉल जरा हेडपिनच्या मध्याकडे लागायला लागतो. चार नंबरची पिन उरली, किंवा ४ आणि ९ नंबरच्या पिनांची स्प्लिट (मध्ये फट ठेवून उरलेल्या पिना) झाली, की पाय दोन बोर्ड आणि नजर एक बोर्ड डावीकडे. स्प्लिटची वाट बघत थांबू नका.

हात

पहिल्या चाचणीत तीन बॉल तीन दिशांना गेले असतील तर आधी अंगठ्याचं भोक तपासा. बोटं आणि अंगठा घालून हात खाली सोडा. बॉल धरून ठेवायला अंगठा वाकवून दाबावा लागत असेल तर भोक सैल आहे. दाबून धरलेला अंगठा दर वेळी वेगळ्या क्षणी सुटतो आणि फिरकी दर वेळी वेगळी लागते. भोकाच्या आत बोलिंग टेपची एक पट्टी लावा, गरज वाटली तर दुसरी. खेळता खेळता अंगठा सुजतो, तेव्हा एक काढा. पट्टी लावायला-काढायला चिमटा बॅगेत असू द्या. हे फार बारीकसं काम वाटतं, पण मी जेवढे खेळाडू जवळून पाहिले त्यांच्यात अंगठ्याचं माप चुकलेले सगळ्यात जास्त होते.

मग पंजा. बॉल सोडताना हात बाजूने फिरवून घेतला की बॉलची फिरकी आडवी होते. आडवी फिरकी तेलात लांब घसरते आणि शेवटी चटकन वळते, म्हणजे झटका. पंजा शक्य तेवढा वेळ बॉलच्या मागे ठेवा, अंगठा आधी बाहेर, बोटं नंतर, आणि हात समोरच्या माणसाशी हस्तांदोलन करायला निघाल्यासारखा संपू द्या. मनगट मुरडून वळण काढायची सवय असेल तर ती सुटायला वेळ लागतो. सरावात तीन पावलांवरून, हळू, पिनांकडे न बघता करा.

वेगासाठी स्कोअरच्या स्क्रीनवरचा आकडा बघत राहा. ताशी अर्ध्या मैलाच्या आत सगळे बॉल राहिले तर चांगलं. थकल्यावर वेग कमी होतो आणि बॉल लवकर वळतो. तिसऱ्या गेमला नाकावर जाणारे बॉल कित्येकदा तेलाचे नसून पायांचे असतात.

ड्रिलिंग आणि नवा बॉल

एवढं सगळं करून चाचणीत उजव्या-डाव्या बॉलमधला फरक अजूनही मोठा असेल तर ड्रिलिंगकडे वळा. प्रो शॉपमध्ये तुमचा पीएपी, म्हणजे बॉल सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक, मोजलेलं असलं पाहिजे. मोजलेलं नसेल तर आधी ते मोजून घ्या. पुढच्या बॉलला शांत वळण हवं असेल तर ड्रिलरला स्पष्ट सांगा की व्हीएएल कोन (पीएपीतून जाणारी उभी रेषा आणि पीएपी-पिन रेषा यांतला कोन) मोठा ठेवा, पिन, म्हणजे कोअरची दिशा दाखवणारा बॉलवरचा रंगीत ठिपका, बोटांच्या खाली चालेल. कवच सॉलिड (मोत्यासारखी चमक नसलेलं), पर्ल नको. कोअर सिमेट्रिक (सममित), डिफरन्शियल (तेलाच्या कड्या किती पसरतील ते सांगणारा आकडा) मध्यम. युरेथेनचं कवच सगळ्यात शांत, पण लांब आणि जाड तेलावर ते कमी पडतं. जुन्या बॉलला बॅलन्स होल (बोटांसाठी नसलेलं, वजन साधायला पाडलेलं जादा भोक) पाडलेलं असेल तर ते बुजवून घ्यावं लागेल, १ ऑगस्ट २०२० पासून मान्यताप्राप्त खेळात ते चालत नाही.

भारतातल्या लेनवर

मुंबई, पुणे, बेंगळुरूला सुट्टीत स्वतःचा बॉल घेऊन जाणाऱ्यांचाही प्रश्न येतो: इथे बॉल फारच लवकर वळतो, काय करू? मॉलमधल्या लेन बहुतेक हौशी लोकांसाठी असतात, तिथले हाउस बॉल पॉलिएस्टरचे, सरळ जाणारे, आणि तेल रोज टाकलं जाईलच असं नाही. म्हणून वरचा सगळा सल्ला तिथे तसाच लावू नका. तेलच नसेल तर खरखरीत बॉल पहिल्या तीस फुटांतच संपतो, तिथे चकचकीत पृष्ठभागच बरा. एक बॉल टाका, परत आला की पांढऱ्या टिश्यूने पुसा. तेलाचा डाग आला तर नेहमीसारखी चाचणी करा. टिश्यू कोरडाच राहिला, नुसती काळसर धूळ आली, तर रिॲक्टिव्ह बॉल बॅगेत ठेवा, पॉलिएस्टर काढा, सतराव्या बोर्डाच्या रेषेत सरळ टाका, आणि लेनवर शेवटचं तेल कधी टाकलं ते काउंटरवर विचारून पुढच्या वेळी त्या दिवशी या.